खिडकीतले डोंगर हळू का सरकतात

माझा एक मित्र जाहिरातींच्या फिल्म एडिट करतो. एकदा त्याच्याकडे घाटातून जाणाऱ्या गाडीचे शॉट आले होते. पावसाळा, बोगदा, खिडकीच्या काचेला चिकटवलेलं लहान मुलाचं नाक. क्लायंटला पहिला कट दाखवायचा होता आणि संगीत अजून तयार नव्हतं, म्हणून त्याने पॅट मेथेनीची ‘लास्ट ट्रेन होम’ ही रचना तात्पुरती खाली टाकली. नावात ट्रेन, ठेकाही ट्रेनचा, अजून काय पाहिजे? कट बघून आम्ही दोघंही गप्प बसलो. शॉट चांगले, रचना तर अप्रतिम, पण दोन्ही एकत्र आल्यावर काहीतरी फिसकटत होतं. शेवटी तोच वैतागून म्हणाला, ‘‘अरे, ह्यात ट्रेन आधीच आहे. मग मी माझी कशाला दाखवू?’’

मेथेनीबद्दल कुठेही वाचा, ‘सिनेमॅटिक’ हा शब्द भेटतोच. हा शब्द आता इतका घासून गुळगुळीत झालाय की गाण्यामागे व्हायोलिनचा ताफा उभा केला आणि दोन ढोल बडवले की झालं सिनेमॅटिक. पण मेथेनीच्या ज्या रचना ऐकताना डोळ्यांसमोर चित्रं येतात, त्यातल्या बऱ्याच रचनांमध्ये ऑर्केस्ट्रा नाहीच. चार-सहा माणसं वाजवतायत. मग पडदा कुठून उभा राहतो? आणि ज्याच्या संगीतात आधीच सिनेमा आहे, त्याला खऱ्या सिनेमासाठी संगीत करायला सांगितलं तर काय होतं?

आधी माणसाची ओळख. पॅट मेथेनी, गिटारवादक आणि संगीतकार, जन्म १९५४, गाव अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं लीज समिट. सपाट मैदानी मुलूख, नजर जाईल तिथपर्यंत शेतं आणि त्यांच्या टोकाला क्षितिज. विशीच्या आतच तो व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायचं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवणाऱ्या गॅरी बर्टनच्या बँडमध्ये पोचला. १९७६ मध्ये पहिला अल्बम आला आणि १९७७ मध्ये पियानो-सिंथेसायझर वाजवणाऱ्या लाइल मेजबरोबर त्याने ‘पॅट मेथेनी ग्रुप’ उभा केला. आजवर २० ग्रॅमी. आपल्याकडे ‘फ्यूजन’ म्हटलं की सतार आणि गिटार एका मंचावर, असं चित्र येतं. जॅझवाल्यांच्या बोलीत फ्यूजन म्हणजे जॅझची उत्स्फूर्तता अधिक रॉकची विजेवर चालणारी वाद्यं आणि ठेके. १९७० च्या आसपास ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि त्याच्या बँडमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी ही वाट पाडली. त्या वाटेवरचे बरेच जण वेग आणि ताकद दाखवण्यात रमले. मेथेनी आणि मेज यांना अंतर दाखवण्यात रस होता.

अंतर ऐकू कसं येतं, हे ‘लास्ट ट्रेन होम’मध्येच बघू. ही १९८७ ची रचना. पॉल वर्टिको ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश वापरतो. ब्रश म्हणजे बारीक तारांचा छोटा झाडू. स्नेअर ड्रमच्या कातड्यावर तो एकसारखा, न थकता, रुळांच्या सांध्यांवरून चाकं जावीत तसा वाजवत राहतो. हा ठेका चांगलाच जलद आहे. त्यावर येणारी धून मात्र संथ, लांब लांब सुरांची. खाली सोळा ठोके पडेपर्यंत वर जेमतेम एक-दोन सूर बदलतात.

आता गाडीच्या खिडकीतून बाहेर बघतानाचं आठवा. रुळांलगतचे खांब सटासट मागे पळतात. पलीकडची शेतं जरा सावकाश जातात. आणि लांबचा डोंगर कितीतरी वेळ आपल्याबरोबरच चालतोय असं वाटतं. जवळचं वेगाने आणि लांबचं हळू, या फरकावरूनच डोळ्यांना खोली कळते. ‘लास्ट ट्रेन होम’मध्ये ब्रश म्हणजे खांब, मधले कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) म्हणजे शेतं आणि धून म्हणजे डोंगर. तीन थर, तीन वेगवेगळे वेग. कानाला खोली दिसते ती यामुळे, रेल्वेची शिट्टी वाजवून नव्हे.

आणि धून वाजवतंय कोण? सतार! म्हणजे जवळपास सतार. १९६० च्या दशकात अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो कंपनीने ‘कोरल’ नावाची इलेक्ट्रिक सतार काढली होती. अंग गिटारचं, वाजवायची पद्धतही गिटारची, शिवाय तरफेसारख्या १३ जादा तारा. तिची खरी करामत घोडीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीत आहे. गिटारची तार एका धारेवर टेकते, म्हणून आवाज नितळ येतो. कोरलची घोडी पसरट आहे. तार कंप पावताना त्या पसरट भागाला हलकेच घासत राहते आणि सुराला एक झणकार येतो. मिरजेत सतार किंवा तानपुरा घेतलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. आपण याला जवारी म्हणतो. मिरजेच्या जवारीपुढे कोरलचा झणकार जरा पत्र्यासारखा लागतो हे खरं. मेथेनीला तो तसाच हवा असावा, जुन्या रेडिओतून येणाऱ्या आठवणीसारखा. तो सतारीचं अंग आणायला जात नाही, मींडेचा खटाटोप करत नाही. साधी अमेरिकन धून वाजवतो आणि त्या झणकारामुळे ती धून कुठल्याच देशाची राहत नाही.

रचना बरीच पुढे गेल्यावर माणसांचे आवाज येतात. शब्द नाहीत, नुसता ‘आ’कार. सिनेमात ही युक्ती जुनी आहे. शब्द आला की मन अर्थाकडे वळतं. नुसता आवाज आला की माणूस आहे एवढंच कळतं, कोण आणि काय म्हणतोय हे कळत नाही. दूर टेकडीवर उभ्या असलेल्या आकृतीसारखं. मेथेनीने हे मुख्यतः ब्राझीलमधून उचललं. मिल्टन नासिमेंतोच्या गाण्यांचा त्याच्यावर मोठा प्रभाव आहे आणि ऐंशीच्या दशकात तो तिथे राहिलाही.

एक तांत्रिक गोष्टही सांगून टाकतो, कारण ‘मेथेनीचा रुंद आवाज’ म्हणतात त्याचं निम्मं गुपित तिथे आहे. गिटारचा आवाज तो एकाच अँप्लिफायरमधून काढत नसे. मधल्या अँपमधून मूळ आवाज, आणि डाव्या-उजव्या अँपमधून तोच आवाज सेकंदाच्या काही सहस्रांशांनी मागे ठेवलेला, सुरात अगदी किंचित हेलकावणारा. इतका कमी उशीर प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही. एकच गिटार तीन ठिकाणी उभी आहे असं मात्र वाटतं. कॅमेऱ्याच्या भाषेत बोलायचं तर त्याने गिटारला वाइड लेन्स लावली. (ज्या गिब्सन गिटारवर हे सगळं चालायचं, तिच्या पट्ट्याची खुंटी तुटली म्हणून त्याने तिथे चक्क टूथब्रश खोचला होता आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला.)

अंतराइतकाच वेळही महत्त्वाचा. १९८२ ची ‘आर यू गोइंग विथ मी?’ जवळपास नऊ मिनिटांची आहे. सुरुवातीला एक घुमणारा ठेका सुरू होतो आणि तोच राहतो. कोणीतरी येणार आहे हे कळतं, पण येत नाही. मग मेजचा सिंथेसायझर येतो, माउथ ऑर्गनसारखा आवाज, सगळं सावकाश. जवळपास निम्मी रचना संपत आल्यावर मेथेनी गिटार सिंथेसायझर घेऊन शिरतो, तुतारीसारख्या आवाजात, आणि पुढे अख्ख्या रचनेची पट्टीच वर सरकत जाते. वाळवंटातल्या लांबच लांब शॉटमध्ये आधी ठिपका दिसतो, मग घोडा, मग चेहरा. तसा हा नायकाचा प्रवेश आहे. मेथेनीने तो प्रवेश चार-पाच मिनिटं अडवून धरला. आजच्या भाषेत, लोक तोवर ‘स्किप’ करतील. ज्याला घाई असेल त्याने खरंच करावं, ही रचना त्याच्यासाठी नाही.

वेळेशी खेळण्याचं दुसरं उदाहरण १९८४ च्या ‘द फर्स्ट सर्कल’चं. सुरुवातीला नुसत्या टाळ्या. मोजून बघा: तीन-दोन-तीन-चार, मग तीन-दोन-तीन-दोन. पहिल्या खेपेला बेरीज बारा, दुसऱ्या खेपेला दहा. एकूण बावीस. आपल्याला दहाची सवय झपतालाने लावलेली आहे, तिथे दोन-तीन-दोन-तीन असतं, इथे ते उलटं पडलंय. एकदा पूर्ण पाऊल आणि एकदा दोन मात्रा कमी, त्यामुळे जमीन सतत पुढे ढकलत राहते. यावर पेद्रो आझनार हा अर्जेंटिनाचा गायक बिनशब्दांचं गातो, तेव्हा हिशोब कोणाच्याच लक्षात राहत नाही. ही बावीस मात्रांची गोष्ट ध्यानात ठेवा, सिनेमात तिचा उपयोग आहे.

आता खऱ्या सिनेमाकडे. पार्श्वसंगीत कसं बनतं? फिल्म एडिट होत आली की दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून ती बघतात आणि संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार ते ठरवतात. याला स्पॉटिंग म्हणतात. अशा प्रत्येक तुकड्याला क्यू म्हणतात. वादकांच्या कानात घड्याळासारखी टिकटिक चालू असते, ती क्लिक. बऱ्याचदा एडिटरने आधीच कुणाचंतरी संगीत तात्पुरतं खाली टाकलेलं असतं, आपल्याकडे त्याला ‘रेफरन्स’ म्हणतात. दिग्दर्शक महिनाभर तेच ऐकून त्याच्या प्रेमात पडतो आणि मग बिचाऱ्या संगीतकाराला ‘असंच, पण हे नको’ असं सांगतो.

या सगळ्यात संगीतकाराच्या हातात नसलेली गोष्ट म्हणजे लांबी. समजा प्रसंग १९ सेकंदांचा आहे. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, म्हणजे ३८ ठोके. चारचारचे गट पाडले तर साडेनऊ गट. तो अर्धा गट कुठे बसवायचा? मध्येच कुठेतरी दोन ठोक्यांचा तुकडा घालायचा, आणि तोही असा की प्रेक्षकाला अडखळल्यासारखं वाटता कामा नये. चारचारच्या चौकटीत वाढलेल्याला ही कसरत वाटते. बारा आणि दहाच्या टाळ्या वाजवणाऱ्याला ती रोजचीच. जॅझवाल्यांचं सिनेमा-टीव्हीत जे फावलं, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं. लालो शिफ्रिनने १९६६ मध्ये ‘मिशन: इम्पॉसिबल’ या टीव्ही मालिकेची धून पाच मात्रांत बांधली, पाचव्या मात्रेवर पाय टेकायला जातो तोच पुढचं आवर्तन सुरू होतं, आणि शीर्षकातली सुरुंगाची वात जळतच राहते. जॅझ पियानो वाजवणाऱ्या हर्बी हँकॉकने त्याच वर्षी ‘ब्लो-अप’ चित्रपटाचं संगीत केलं आणि पुढे ‘राउंड मिडनाइट’साठी ऑस्कर घेतलं.

आपल्या मुंबईतही हे नातं होतं, जरा वेगळ्या वाटेने. ताजसारख्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत असत. चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांकडे, सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे. संगीतकार धून गाऊन दाखवायचे. तिच्याखाली कोणत्या वाद्याने काय वाजवायचं हे कागदावर उतरवण्याचं काम या मंडळींकडे. नाव पाट्यांवर क्वचितच यायचं.

मेथेनीकडे परत. १९८३ मध्ये हॉलिवूडचा संगीतकार जेरी गोल्डस्मिथने ‘अंडर फायर’ या चित्रपटासाठी त्याला गिटार वाजवायला बोलावलं. निकाराग्वामधल्या क्रांतीची गोष्ट, मोठा ऑर्केस्ट्रा आणि मधून एकटी गिटार. इथे तो फक्त वादक होता. १९८५ मध्ये दिग्दर्शक जॉन श्लेसिंजरच्या ‘द फाल्कन अँड द स्नोमॅन’चं संगीत मात्र त्याने आणि मेजने मिळून केलं. दोन सुखवस्तू घरांतली अमेरिकन पोरं देशाची गुपितं सोव्हिएत रशियाला विकतात, ही सत्यघटना. नायकाच्या धर्मशिक्षणाशी नातं सांगणारं चर्चचं समूहगान सुरुवातीला येतं. नायकाची धून अगदी साधी, उदास, सिंथेसायझरवर तरंगणारी. ग्रुपच्या रचना ऐकून या धुनेकडे आलात तर ती अपुरी वाटेल. ती कुठे चढत नाही, पट्टी वर सरकत नाही, कोणाचा दणक्यात प्रवेश होत नाही. कारण तो प्रवेश पडद्यावर नायक झालेला टिमथी हटन करतोय. संगीताने तिथे फक्त त्याच्या मागची भिंत व्हायचं.

मग ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने त्याच धुनेवर शब्द लिहिले, चित्रपटातलंच एक वाक्य उचलून: ‘धिस इज नॉट अमेरिका’. बोवी गायला लागल्यावर गंमत होते. चित्र गेलं, त्याच्या जागी गायक आला, आणि सुरांची बांधणी जवळपास तीच राहूनही धून भरलेली वाटते. म्हणजे ती अपुरी नव्हती. मुद्दाम एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती. पार्श्वसंगीत आणि मैफलीचं संगीत यांतला फरक मला याहून स्वच्छ कुठे ऐकायला मिळालेला नाही. ‘लास्ट ट्रेन होम’मध्ये सगळ्या खुर्च्या भरलेल्या आहेत. माझ्या मित्राच्या शॉटना बसायला जागाच नव्हती.

मेथेनीने पुढेही चित्रपट केले, १९९९ चा ‘अ मॅप ऑफ द वर्ल्ड’ त्यातला ऐकण्यासारखा. पण तो हॉलिवूडचा नित्याचा संगीतकार झाला नाही, आणि त्याच्या चाहत्यांना त्याचं फारसं दुःखही नसावं. उलट सिनेमाचीच पद्धत तो आपल्या घरी घेऊन आला. २०२० चा ‘फ्रॉम धिस प्लेस’ हा अल्बम त्याने असा केला: आधी मेथेनी धरून चौघांनी स्टुडिओत बसून रचना वाजवल्या, उत्स्फूर्त वादनासकट. मग गिल गोल्डस्टीन आणि अ‍ॅलन ब्रॉडबेंट यांच्याकडून त्या रेकॉर्डिंगवर ऑर्केस्ट्राचं लेखन झालं आणि हॉलिवूड स्टुडिओ सिम्फनीने ते वाजवलं. ऑर्केस्ट्रा चालवायला जोएल मॅकनीली, जो स्वतः चित्रपटांचा संगीतकार आहे.

क्रम बघा. एरवी ऑर्केस्ट्रा आधी लिहिला जातो आणि एकल वादकाला त्यात आपली जागा शोधावी लागते. इथे आधी माणसं बेभान वाजवून मोकळी झाली. गिटार कुठे थबकली, ड्रमरने कुठे झेप घेतली, हे सगळं ठरून गेलेलं, आता न बदलणारं. व्हायोलिनवाल्यांना त्याच्यामागे जायचं होतं, जसं पार्श्वसंगीत नटाच्या पापणीमागे जातं. चौघांचं वादन हीच फिल्म, आणि ऑर्केस्ट्रा हे तिचं पार्श्वसंगीत! पहिल्याच ‘अमेरिका अनडिफाइंड’मध्ये तेरा मिनिटांत हे इतकं बेमालूम होतं की तिथे मी ‘सिनेमॅटिक’ हा शब्द बिनतक्रार मान्य करतो. अल्बम बाजारात यायच्या अकरा दिवस आधी, १० फेब्रुवारी २०२० ला लाइल मेज गेला. या अल्बममध्ये तो नव्हता, पण ऑर्केस्ट्रा न घेता ऑर्केस्ट्रा कसा ऐकवायचा हे त्या ग्रुपला त्यानेच शिकवलं होतं.

या अल्बमच्या चौघांतला ड्रमर अंतोनियो सांचेझ, मूळचा मेक्सिको सिटीचा. पोरसवदा वयात तो तिथल्या रेडिओवर एका निवेदकाचा कार्यक्रम ऐकायचा आणि मेथेनीचं संगीत त्याने पहिल्यांदा तिथेच ऐकलं. तो निवेदक पुढे चित्रपट दिग्दर्शक झाला: अलेहांद्रो इन्यारितू. सांचेझ मेथेनीच्या बँडमध्ये आल्यावर लॉस एंजेलिसच्या एका मैफलीनंतर दोघं भेटले आणि काही वर्षांनी इन्यारितूने त्याला ‘बर्डमॅन’साठी बोलावलं. मागणी विचित्र होती: संगीत फक्त ड्रमवर.

‘बर्डमॅन’ सलग एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसतो. एरवी चित्रपटाची लय एडिटरच्या कात्रीत असते, इथे कात्री दिसतच नाही. मग ती लय ड्रमने द्यायची. सांचेझने आधी दिग्दर्शकाने प्रसंग सांगितले तसे मनाने वाजवून दिले. पात्र दार उघडतंय, वळतंय, असं आलं की समोर बसलेला इन्यारितू हात वर करायचा. नंतर चित्र बघून पुन्हा वाजवलं, आणि ड्रम मुद्दाम जुनाट, खरखरीत लावले, कारण गोष्ट नाटकाच्या थिएटरात घडते, आणि थिएटरचं तळघर चकचकीत वाजून कसं चालेल? माइल्स डेव्हिसने १९५७ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या चित्रपटासाठी हेच केलं होतं, प्रसंग बघत बघत वाजवणं. सांचेझच्या हातात सूरच नव्हते, एवढा फरक. ऑस्करवाल्यांनी हे संगीत स्पर्धेत घेतलं नाही. चित्रपटात आधीपासून असलेलं शास्त्रीय संगीत फार आहे, असं कारण दिलं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मात्र ‘बर्डमॅन’लाच मिळालं.

मेथेनी आणि आपला एक धागा सांगायचा राहिला. मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू यांचा ‘क्रेझी सेंट्स’ हा १९९३ चा अल्बम ऐका. त्यावर मेथेनीची गिटार आहे आणि त्याच अल्बमवर त्रिलोकच्या आईचा आवाजही आहे: शोभा गुर्टू. बेळगावात जन्मलेली, ठुमरीची ती गायिका आणि मिझुरीचा हा गिटारवाला एका तबकडीवर.

मित्राच्या जाहिरातीचं पुढे काय झालं? तो दोन दिवस बैठक मारून बसला. मग ओळखीच्या एका ड्रमरला बोलावलं आणि ‘धून नको, सूर नको, ब्रश घेऊन ये’ म्हणाला. घाटाच्या शॉटखाली १९ सेकंद नुसता ब्रश, बोगदा आला की त्याचाही आवाज मंद. क्लायंटने कट दोनदा बघितला आणि विचारलं, ‘‘म्युझिक कधी येणार?’’ मित्र म्हणाला, ‘‘हेच आहे.’’ बराच वेळ कोणी बोललं नाही. मग क्लायंट म्हणाला, ‘‘मुलाचं नाक अजून दोन सेकंद ठेवता येईल का?’’